ब्रायंट की सेबन? वेगवेगळ्या काळातल्या कॉलेज फुटबॉल कोचची तुलना नीट कशी करायची

"सेबनची सात टायटलं, ब्रायंटची सहा, विषय संपला." दर ऑगस्टला कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की अमेरिकेतल्या आपल्या पोरांच्या ग्रुपवर हे वाक्य पडतंच (टायटल म्हणजे नॅशनल चॅम्पियनशिप) आणि मग दोन दिवस नुसती मारामारी. इथे एमएस करायला आलेला माणूस पहिल्या वर्षी स्टुडंट तिकीट स्वस्त आहे म्हणून स्टेडियममध्ये जातो, दुसऱ्या वर्षी त्याला टीमचा रंग चढतो आणि तिसऱ्या वर्षी तो १९६४ च्या कोचबद्दल छातीठोकपणे बोलायला लागतो. मी त्यातलाच. माझी पहिली तुलना मी एका रात्रीत एक्सेलमध्ये उरकली होती आणि ऑफिसातल्या एका अलाबामाच्या काकांनी डबा खाता खाता चार प्रश्नांत ती पार फाडली. मी केल्या त्याच चुका सगळे करत असतात, म्हणून क्रमाने लिहितोय. उदाहरण शेवटपर्यंत बेअर ब्रायंट आणि निक सेबनचंच घेतलंय, ब्रायंट जुन्या काळातला, सेबन अलीकडचा, दोघंही मुख्यतः अलाबामा युनिव्हर्सिटीचे कोच, त्यामुळे निदान कॉलेज तरी एकच राहतं.

आधी तयारी

एक शीट उघडा. दर कोचला एक टॅब, दर सीझनला एक ओळ. कॉलम एवढेच: वर्ष, कॉलेज, जिंकले-हरले-टाय, बोल गेमचा (सीझन संपल्यावरची खास निमंत्रणाची मॅच) निकाल, एपी पोलमधला (पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी) शेवटचा नंबर, आणि एक मोठा रिकामा कॉलम शेरा लिहायला. करिअरची एकूण बेरीज सुरुवातीला टाकूच नका, एकदा का ती डोळ्यासमोर आली की माणूस पुढचं सगळं तिच्याकडेच ओढत नेतो. ओळी हाताने भरा. कंटाळा येतो, पण १९६९ आणि १९७० मध्ये ब्रायंटची टीम ६-५ आणि ६-५-१ अशी गचकली होती हे हाताने भरतानाच लक्षात येतं, बेरजेत ते कुठेच दिसत नाही.

टप्पा १: प्रश्न लिहा, एका ओळीत

"सगळ्यात महान कोण" हा प्रश्नच नाही, ते भांडणाचं आमंत्रण आहे. त्यात कमीत कमी तीन वेगळे प्रश्न घुसलेले असतात. भरात असताना सगळ्यात वर कोण गेला? सगळ्यात जास्त काळ वर कोण टिकला? आणि हातात काय मिळालं होतं, त्याचं काय करून दाखवलं?

तिघांची उत्तरं वेगळी येतात. नूट रॉकनीने नोटर डेमला फक्त १३ सीझन कोचिंग केलं, १०५-१२-५, आणि १९३१ मध्ये विमान अपघातात गेला. ब्रायंटने ३८ सीझन काढले. यांना एकाच ओळीत उभं केलं तर रॉकनी टक्क्यात जिंकणार, ब्रायंट आकड्यात, आणि दोन्ही बाजू म्हणणार बघा आमचंच बरोबर. तिसऱ्या प्रश्नाला तर बिल स्नायडर पुढे येतो. कॅन्सस स्टेटची टीम १९८८ ला ०-११ होती, एकही मॅच नाही जिंकली, तिथे हा माणूस १९८९ ला आला आणि दोन खेपांत मिळून २१५ मॅच जिंकून गेला. नॅशनल टायटल एकही नाही, म्हणून "टायटलं मोजा" वाल्या यादीत त्याचं नावही दिसत नाही.

चेक: प्रश्न लिहून झाल्यावर कोण जिंकणार ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर प्रश्न तुम्ही त्याच्यासाठीच शिवलाय. फाडा, परत लिहा.

टप्पा २: रेकॉर्ड धुऊन घ्या

पहिलं म्हणजे टाय. कॉलेज फुटबॉलमध्ये रेग्युलर सीझनला ओव्हरटाइम आला १९९६ ला, त्याआधी बरोबरी झाली की दोन्ही टीम घरी. म्हणून ब्रायंटच्या खात्यात १७ टाय आहेत आणि सेबनच्या खात्यात एक, तोही १९९५ चा, तो मिशिगन स्टेटला कोच असतानाचा. टाय म्हणजे अर्धा विजय धरायचा. लोक टाय सरळ गाळून टाकतात आणि जुन्या कोचचा टक्का उगाच फुगतो.

दुसरं, रद्द झालेले विजय. अलाबामाचे २००७ चे पाच विजय एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांची नियामक संस्था) नंतर काढून घेतले, म्हणून सेबन कुठे २९२ दिसतो कुठे २९७. पेन स्टेटचा कोच जो पटर्नो, त्याचे १११ विजय सँडस्की प्रकरणानंतर (त्याच्या माजी असिस्टंट कोचने केलेले मुलांवरचे लैंगिक अत्याचार) २०१२ ला काढले आणि २०१५ ला परत दिले, एकूण ४०९. जुना लेख उघडलात तर तिथे वेगळाच आकडा भेटेल. कागदावरचा आणि मैदानावरचा असे दोन्ही आकडे लिहा आणि तुम्ही कुठला वापरताय ते सांगा. बाकी कोचच्या वागण्याचा, जबाबदारीचा हिशोब हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो विजयांच्या कॉलममध्ये प्लस-मायनस करून मिटत नाही.

आता गणित. ब्रायंट ३२३-८५-१७, म्हणजे ३२३ अधिक साडेआठ, भागिले ४२५, ७८.० टक्के. सेबन कागदावर २९२-७१-१, म्हणजे ८०.४ टक्के. फरक अडीच टक्क्यांच्या आतच. पण नुसते विजय बघितले तर ब्रायंट ३१ ने पुढे, कसं काय? कारण ३८ सीझन विरुद्ध २८. आणि एका सीझनमधल्या मॅच? ब्रायंटला सरासरी ११.२, सेबनला १३. १९६९ पर्यंत रेग्युलर सीझन साधारण १० मॅचचा होता, मग ११ चा झाला, २००६ पासून १२ चा, वर कॉन्फरन्सची (कॉलेजांचा गट) फायनल, वर प्लेऑफ (टायटलसाठीची बाद फेरी). त्यामुळे "सीझनमध्ये दहापेक्षा जास्त विजय" हा सगळ्यांचा आवडता निकष १९६२ च्या कोचला लावणं म्हणजे दहा मॅच खेळणाऱ्याला तू बारा का नाही जिंकलास विचारणं.

सावधान: एकाची फक्त अलाबामाची वर्षं आणि दुसऱ्याचं पूर्ण करिअर असं करू नका. ब्रायंटच्या एकूण आकड्यात मेरीलँड, केंटकी आणि टेक्सस ए अँड एम आहे, तिथला पहिला सीझन १-९ होता. फक्त अलाबामा घेतलं तर तो ८२.४ वर जातो, सेबन ८७.४ वर. घ्यायचं तर दोघांचंही घ्या.

टप्पा ३: टायटलं एकेक करून उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त घोळही इथेच आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये कित्येक दशकं नॅशनल चॅम्पियन मैदानावर ठरतच नव्हता, पोलमध्ये ठरायचा. पत्रकारांचा एपी पोल १९३६ पासून, कोचेसचा पोल १९५० पासून. आणि हे पोल कधी बंद व्हायचे? बोल गेमच्या आधी! म्हणजे डिसेंबरात चॅम्पियन जाहीर आणि १ जानेवारीला तोच चॅम्पियन हरतोय.

१९६४ बघा. अलाबामा दोन्ही पोलमध्ये नंबर एक, मग ऑरेंज बोलमध्ये टेक्ससकडून २१-१७ हरली. त्याच सीझनला आर्कान्सॉने टेक्ससला हरवलं होतं आणि शेवटपर्यंत एकही मॅच गमावली नव्हती. तरी टायटल ब्रायंटच्या नावावर आहे. यावरून बोंबाबोंब झाली, म्हणून पुढच्या वर्षी एपीने पोल बोलनंतर घेतला, आणि १९६५ ला फायदा कोणाला? परत अलाबामालाच, पहिल्या तीन नंबरच्या टीम बोलमध्ये हरल्या आणि ९-१-१ वाली अलाबामा वर गेली. मग १९६६ ला एपीने परत जुनी पद्धत आणली, आणि त्या वर्षी अलाबामा एकही मॅच न हरता, एकही टाय न करता तिसरी! वर नोटर डेम आणि मिशिगन स्टेट, दोघांनी एकमेकांशी १०-१० टाय केलेली. एकाच कोचला पद्धतीने एकदा फुकट दिलं आणि एकदा हातातलं काढून घेतलं. एपी १९६८ पासून कायमचा बोलनंतर गेला. कोचेसचा पोल मात्र १९७३ पर्यंत तसाच होता, त्या वर्षी त्यांनी अलाबामाला चॅम्पियन केलं आणि अलाबामा शुगर बोलमध्ये नोटर डेमकडून २४-२३ हरली.

म्हणून शीटमध्ये टायटलांसाठी चार खण करा. क: दोन्ही पोल किंवा फायनल, वाद नाही. ख: वाटून घेतलेलं. ग: जाहीर झाल्यावर बोल हरलेलं. घ: मिळालं नाही, पण दुसऱ्या काळात असता तर निदान संधी मिळाली असती.

ब्रायंट: क मध्ये १९६१ आणि १९७९. ख मध्ये १९६५ आणि १९७८ (१९७८ ला कोचेसनी यूएससीला, म्हणजे सदर्न कॅलिफोर्नियाला, निवडलं, आणि यूएससीने त्याच सीझनला अलाबामाला २४-१४ हरवलं होतं). ग मध्ये १९६४ आणि १९७३. घ मध्ये १९६६ आणि १९७७. सेबन: क मध्ये २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७, २०२०. ख मध्ये २००३, तेव्हा तो एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, होता आणि एपीने यूएससीला वर ठेवलं.

इथे सेबनवाले नाचायला लागतात. थांबा. २०११ आणि २०१७ समोर शेरा लिहा. २०११ ला अलाबामा सीझनमध्ये एलएसयूकडून ९-६ हरली होती, डिव्हिजनही (कॉन्फरन्समधला अर्धा गट) जिंकली नव्हती, बीसीएसने (दोन टीम निवडून फायनल लावणारी तेव्हाची पद्धत) दोघांना परत समोरासमोर आणलं आणि अलाबामाने २१-० ने धुतलं. २०१७ लाही डिव्हिजन नाही, प्लेऑफमध्ये चौथा नंबर मिळाला आणि तिथून टायटल. जुन्या बोल पद्धतीत या दोन्ही टीमना ती मॅच मिळणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे सेबनला दुसरी संधी मिळाली आणि त्याने ती मारली, ब्रायंटला १९६६ ला पहिलीच मिळाली नाही. मी यातून टायटल वजा करत नाही, कोणाचंच. खण दाखवतो, वाचणारा ठरवेल.

सावधान: कॉलेज स्वतः जे दावे करतं ते तसेच उचलू नका. अलाबामा १९४१ चं टायटलही आपलं म्हणते, ती टीम दोन मॅच हरली होती आणि एपीमध्ये विसावी होती. (काकांचा पहिला प्रश्न हाच होता, "पोरा, फॉर्टी-वन धरलंस का?" मी धरलं होतं.)

टप्पा ४: नियमांच्या रेषा मारा

शीटवर वर्षांच्या मध्ये आडव्या रेषा मारायच्या. गावस्कर हेल्मेटशिवाय खेळला हे जसं आपण सचिनचा विषय निघाल्यावर लगेच काढतो, तसंच हे.

१९५३ ते १९६४ खेळाडू बदलण्यावर बंधनं होती, एकच पोरगा अटॅकलाही आणि डिफेन्सलाही, १९६५ पासून पूर्ण मोकळीक. १९७२ पासून पहिल्या वर्षाची पोरं मुख्य टीमला खेळू लागली. १९७३ ला स्कॉलरशिपवर १०५ ची मर्यादा आली, १९७८ ला ९५, १९९४ पर्यंत ८५. एसईसीची (अलाबामाची कॉन्फरन्स) फायनल १९९२ पासून, बीसीएस १९९८ ते २०१३, चार टीमचं प्लेऑफ २०१४ पासून आणि बारा टीमचं २०२४ पासून. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) २०१८, आणि खेळाडूंना नाव-चेहऱ्याचे पैसे घ्यायची परवानगी जुलै २०२१.

यातली सगळ्यात दुर्लक्षित रेष म्हणजे स्कॉलरशिपची. मर्यादा नव्हती तेव्हा श्रीमंत प्रोग्राम चांगली पोरं नुसती बेंचवर बसवायला सुद्धा घ्यायचे, आपल्याकडे नाही खेळला तर समोरच्याकडे तरी जाणार नाही. सेबनला ८५ मध्येच भागवायचं होतं. उलट सेबनला देशभरातून भरती करायला विमानं, व्हिडिओ आणि स्टाफची फौज होती. दोन्ही बाजू लिहा.

सावधान: "त्या काळासाठी २० टक्के बोनस" असले गुणाकार करू नका. हा आकडा कुठून आणला विचारलं की तुमच्याकडे उत्तर नसतं. रेष मारा, शेरा लिहा, पुढे चला.

टप्पा ५: मैदानावर कोणाला येऊच दिलं नव्हतं

हा टप्पा लोक टाळतात, विषय अवघड आहे म्हणून. पण टाळला तर तुलनेला अर्थ नाही. ब्रायंटच्या १९६१, १९६४ आणि १९६५ च्या टीम पूर्ण गोऱ्या होत्या, एसईसीमध्ये पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला १९६७ ला, केंटकीकडून. अलाबामाकडून १९७१ ला. त्याआधी सप्टेंबर १९७० मध्ये यूएससीने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाला ४२-२१ हरवलं होतं, सॅम कनिंगहॅम नावाचा काळा फुलबॅक (बॉल घेऊन धावणारा) अलाबामाला आवरलाच नाही.

याच काळात लुइझियानात ग्रॅम्बलिंग या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजला एडी रॉबिन्सन कोच होता. १९४१ ते १९९७, ४०८-१६५-१५. दक्षिणेतली मोठी कॉलेजं ज्या पोरांना घेत नव्हती ती याच्यासारख्यांकडे खेळली. "लेव्हल वेगळी होती" म्हणून त्याला यादीतून काढणारे विसरतात की ती लेव्हल त्याने निवडली नव्हती. आणि त्याचे ४०८ ब्रायंटच्या ३२३ शेजारी गुपचूप ठेवणंही बरोबर नाही, कारण दोघं वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळत होते. मी त्याचा टॅब वेगळा ठेवतो आणि ब्रायंटच्या टॅबवर १९७१ ला जाड रेष मारतो.

आणि तिथेच मजा येते. रेषेच्या खालची ब्रायंटची वर्षं, १९७१ ते १९७९, मी ओळीने मांडली: ११-१, १०-२, ११-१, ११-१, ११-१, ९-३, ११-१, ११-१, १२-०. बेरीज ९७-११, ८९.८ टक्के. सगळ्यांना खेळता येत होतं, स्कॉलरशिपवर मर्यादा येत होत्या, म्हातारा साठी ओलांडत होता, आणि ६-५-१ वाल्या टीमला त्याने १९७१ मध्ये विशबोन नावाची नवीच अटॅकची पद्धत शिकवली होती. माझ्या मते त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ही नऊ वर्षं आहेत, सहा टायटलं नाहीत.

टप्पा ६: खिडकी लावा

आता एकाची नऊ वर्षं धरलीत तर दुसऱ्याचीही सलग नऊच, आणि त्याची सर्वोत्तम. सेबन २०१२ ते २०२०: १३-१, ११-२, १२-२, १४-१, १४-१, १३-१, १४-१, ११-२, १३-०. बेरीज ११५-११, ९१.३ टक्के. हरलेल्या मॅच दोघांच्याही अकराच, फक्त सेबन त्यासाठी १८ मॅच जास्त खेळला. खिडकी छोटी केली तर चित्र हलतं, ब्रायंट १९६१ ते १९६६ मध्ये ६०-५-१ आहे, ९१.७ टक्के, पण ती जाड रेषेच्या वरची वर्षं.

चेक: खिडकी दोन-तीन वर्षांनी मागेपुढे सरकवून बघा. निकाल पालटत असेल तर तुमचा निष्कर्ष खिडकीचा आहे, कोचचा नाही.

टप्पा ७: त्याच्याच काळातल्या लोकांशी लावून बघा

एका काळातून दुसऱ्या काळात नेता येईल असं माप हवं असेल तर टक्क्यापेक्षा एपीमधला शेवटचा नंबर बरा, कारण त्यात बाकीचे कोच आपोआप येतात. बॉबी बाउडनची फ्लोरिडा स्टेट १९८७ ते २००० सलग १४ वर्षं पहिल्या पाचात संपली. टायटलं दोनच. पण त्या १४ वर्षांत इतरांचं काय होत होतं ते बघा म्हणजे हे काय प्रकरण होतं ते कळेल.

इथला खड्डा असा, एपी १९६२ ते १९६७ फक्त दहा टीम छापायचं, नंतर वीस, १९८९ पासून पंचवीस. म्हणून "रँकमध्ये किती वेळा" असं मोजू नका, पहिल्या पाचात किंवा दहात किती वेळा ते मोजा.

आमनेसामनेचा निकाल चवीपुरता. ब्रायंट नोटर डेमशी चार वेळा खेळला आणि चारही हरला हे खरंय, पण चार मॅचवर ३८ वर्षांचा निवाडा करू नये.

टप्पा ८: उत्तर लिहा, अटीसकट

उत्तरात टप्पा १ चा प्रश्न शब्दशः आला पाहिजे. माझा प्रश्न होता, सर्वांना खेळता येत असलेल्या काळात, सलग नऊ वर्षं, कोण जास्त वर राहिला. माझं उत्तर: सेबन, थोड्या फरकाने, आणि मुख्यतः त्याला दुसरी संधी देणारी पद्धत मिळाली म्हणून टायटलांतलं अंतर दिसतं त्यापेक्षा लहान. हातात काय मिळालं होतं हा प्रश्न घेतला असता तर मी ब्रायंट लिहिलं असतं, त्याच्या आधीच्या तीन वर्षांत अलाबामा ४-२४-२ होती, सेबनला निदान ६-७ वाली टीम मिळाली.

लिहून झालं की पोस्ट करायच्या आधी समोरच्या टीमच्या एखाद्या जुन्या चाहत्याला शीट दाखवा, निकाल नाही, फक्त शीट. मी दुसऱ्या खेपेला काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून १९७८ ची ओळ शोधली, ख मध्ये आहे हे बघितलं, काही बोलले नाहीत आणि डबा उघडला.